प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन, ज्यांना एका बाटलीनं पाच वर्षं आरोपी बनवलं

लातूर जिल्ह्यात चाकूरकडं पावसाळ्यात सोयाबीनची खुरपणी सुरू झाली की साप चावल्याच्या बातम्याही सुरू होतात. चावलेल्या माणसाला गाडीवर दोघांच्या मधे बसवून सरकारी दवाखाना गाठायचा, तिथं सर्पदंशाचं इंजेक्शन घ्यायचं. महाराष्ट्रात या इंजेक्शनच्या बाटलीवर लोकांनी वर्षानुवर्षं एक नाव वाचलंय, हाफकिन. पोलिओच्या डोसमागंही हेच नाव होतं. सरकारी औषधखरेदीच्या बातम्यांतही हेच नाव यायचं.

त्यामुळं कित्येकांना वाटतं की हाफकिन ही एक कंपनी आहे. थोडी जास्त माहिती असलेल्यांना वाटतं, असेल कुणीतरी इंग्रज साहेब.

तर वाल्डेमार हाफकिन जन्मानं इंग्रज नव्हते. ते डॉक्टरसुद्धा नव्हते. ते होते प्राणिशास्त्रज्ञ, आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या ओदेसा शहरात जन्मलेले ज्यू. ज्या मुंबईनं त्यांना मोठं केलं, तिथल्याच प्रयोगशाळेतून त्यांना एका बाटलीपायी बाहेर पडावं लागलं. ती बाटली उघडली गेली होती मुंबईपासून शेकडो कोस लांब, पंजाबातल्या एका खेड्यात.

विषय सुरू होतो ओदेसापासूनच.

१५ मार्च १८६० रोजी हाफकिन यांचा जन्म झाला. घर ज्यू व्यापाऱ्याचं. शाळा बेर्दियान्स्कला झाली आणि १८७९ मध्ये हा मुलगा ओदेसाच्या विद्यापीठात निसर्गशास्त्र शिकायला आला. तेव्हा तिथं झारचं राज्य होतं. विद्यापीठात क्रांतिकारकांच्या गुप्त बैठका चालायच्या आणि हाफकिन त्यात होते. १८८१ मध्ये झारची हत्या झाली, त्याचा राग ज्यूंवर निघाला आणि ओदेसात दंगली पेटल्या. ज्यू तरुणांनी आपल्या वस्त्या वाचवायला गट केले, त्यात हाफकिन उतरले, जखमी झाले आणि पकडलेही गेले.

तिथून त्यांना सोडवायला धावून आले त्यांचे प्राध्यापक, इल्या मेचनिकॉव्ह.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आज आपण रोगप्रतिकारक पेशी हा शब्द ज्या सहजतेनं वापरतो त्याची सुरुवात या माणसापासून होते. १८८२ मध्ये मेचनिकॉव्ह इटलीतल्या मेसिनाला गेले होते. तारामाशाच्या पारदर्शक अळ्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. एक दिवस त्यांनी अळीच्या अंगात बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी बघतात तर काट्याभोवती अळीच्या फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला गाठून गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथं जन्माला आली. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमकं हेच काम करतात. या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिच यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आता यातली एक गंमत सांगायलाच पाहिजे. हेच एर्लिच तेव्हा असं मांडत होते की शरीर आपल्याच पेशींवर कधी उलटणार नाही, कारण ते आत्मघातकी ठरेल. बरीच दशकं शास्त्रज्ञांनी हे मान्य केलं. पण शरीर उलटतं. लहान मुलांना होतो तो टाइप १ मधुमेह त्याचंच उदाहरण. त्यात रोगप्रतिकारक पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाच परक्या समजतात आणि मारून टाकतात. अशा रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात हे दिसायला १९७४ साल उजाडावं लागलं. म्हणजे राखणदारानं घरच्याच माणसाला चोर ठरवायचं, असा हा आजार आहे. हाफकिन यांच्या आयुष्यातही पुढं असंच काहीसं झालं, फक्त तिथं पेशींच्या जागी सरकार होतं.

हाफकिन या गुरूच्या हाताखाली तयार झाले. एकपेशीय जीव नव्या वातावरणाशी जुळवून कसं घेतात यावर त्यांचं सुरुवातीचं काम होतं. पुढं प्राध्यापकी मिळू शकली असती, पण त्यासाठी ज्यू धर्म सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन व्हावं लागणार होतं. हाफकिन यांनी नकार दिला. मग ओदेसाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे भुसा भरलेले प्राणी ठेवतात त्या म्युझियममध्ये, त्यांनी काही वर्षं काढली. १८८८ मध्ये देश सोडला. वर्षभर जिनिव्हाला होते, मग पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले, जिथं मेचनिकॉव्ह आधीच पोचले होते.

तिथं जागा एकच रिकामी होती, ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. काम आटोपलं की उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं. पुढं एमिल रू यांचे सहायक म्हणून त्यांना घेतलं गेलं आणि त्यांनी कॉलरा हातात घेतला.

कॉलरा म्हणजे आपल्याकडची पटकी. मराठवाड्यात गावोगाव मरीआईचं ठाणं दिसतं, त्यावरून या रोगाची दहशत किती होती याचा अंदाज येतो. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू दाखवून दिला होता, पण लस म्हणावी असं खात्रीचं काही नव्हतं. हाफकिन यांनी जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, असा ३९ वेळा नेला. दरवेळी जंतू जास्त जहाल होत गेला. दुसरीकडं त्याच जंतूला ३९ अंश उष्णतेत, हवा खेळती ठेवून वाढवलं की तो मवाळ व्हायचा. आधी मवाळ जंतू टोचायचा, काही दिवसांनी जहाल, अशी ही दोन टप्प्यांची लस. जनावरांवर जमलं.

मग माणूस कुठून आणायचा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी स्वतःलाच टोचून घेतलं. ताप आला, टोचलेली जागा दुखली, बाकी काही झालं नाही. सहा दिवसांनी दुसरा डोस घेतला. मग तीन रशियन मित्रांनी घेतला.

रशियात तेव्हा कॉलरा थैमान घालत होता. पण मायदेशानं या पळून गेलेल्या ज्यू क्रांतिकारकाची लस घ्यायला नकार दिला. मदत झाली लॉर्ड डफरिन यांची. ते तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते, आणि त्याआधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेले, त्यामुळं पटकी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथं त्यांची पहिली गाठ पडली संशयाशी, आणि तो दोन्ही बाजूंनी होता. लोकांना सुईची भीती, तर इंग्रज डॉक्टरांना या माणसाचाच राग. वैद्यकीची पदवी नाही, रशियाचा नागरिक, वर ज्यू, आणि हा आम्हाला शिकवणार!

हाफकिन यांनी यावर जो मार्ग काढला तो त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो. लस किती जणांना टोचली यावर ते समाधानी नसायचे. टोचलेले आणि न टोचलेले लोक एकाच वस्तीत, एकच पाणी पिऊन राहतायत का, हे ते बघायचे आणि दोघांची मोजदाद ठेवायचे. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटालबागान वस्तीत कॉलरा शिरला. हाफकिन तिथं चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त या भारतीय डॉक्टरांना घेऊन गेले. साधारण दोनशे लोकांपैकी ११६ जण टोचून घ्यायला तयार झाले. त्यानंतर वस्तीत जे दगावले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. पुढं आसामचे चहामळे, तुरुंग, लष्कराच्या छावण्या असं फिरत त्यांनी ४२ हजारांवर लोकांना लस दिली. मलेरियानं पार खंगले, तेव्हा १८९५ मध्ये युरोपला परतावं लागलं. पुढच्याच वर्षी ते पुन्हा इथं आले.

आणि आता मुंबई.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, गोदीजवळच्या धान्याच्या गोदामांच्या भागात, डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाला तपासलं आणि हा गाठीचा प्लेग आहे असं सांगून टाकलं. आधी कुणी मानायला तयार नव्हतं. मग उंदीर मरून पडायला लागले, पाठोपाठ माणसं. काखेत नाहीतर जांघेत गाठ, फणफणून ताप, आणि बहुतेकांचा काही दिवसांत खेळ खल्लास. १८९७ उजाडेपर्यंत जवळपास निम्मी मुंबई गाव गाठायला निघून गेली होती.

मराठवाड्यातल्या आज पन्नाशीच्या पुढं असलेल्यांना या भीतीची थोडी चव माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. उंदीर मेले, पिसवा वाढल्या, गाठी आल्या. मग सुरतमध्ये लोक पळत सुटले. पण १९९४ मध्ये दुकानात टेट्रासायक्लिनच्या गोळ्या होत्या. १८९६ मध्ये काहीच नव्हतं. प्लेगचा जंतू अलेक्झांडर यर्सिन यांना हाँगकाँगमध्ये सापडून उणीपुरी दोन वर्षं झाली होती, आणि तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे अजून कुणाला कळलंही नव्हतं.

हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत पोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. माणसं किती, तर एक कारकून आणि तीन शिपाई. काम इतकं रेटून चाललं की एका सहायकाच्या डोक्यावर परिणाम झाला आणि दोघं सोडून गेले.

लस बनवायची पद्धत मात्र खास इथल्या मातीतली होती. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर कुणीच लस घेणार नाही, म्हणून बकऱ्याचं मांस घेतलं. रश्श्यावर थोडं तूप सोडलं. तुपाचे थेंब वर तरंगतात आणि प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबकळत वाढतात, गुहेच्या छताला लोंबतात त्या खडकांसारखे. चंबू हलवला की ते खाली पडतात आणि तुपाखाली नवी फळी तयार होते. असं काही आठवडे केलं की भरपूर जंतू जमतात. मग साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारून टाकायचे, वर थोडं कार्बोलिक ॲसिड. तयार झाली लस.

कॉलऱ्याच्या लसीत जंतू जिवंत होते, इथं मेलेले. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. गिळणाऱ्या पेशी त्याचे तुकडे करून बाकीच्या पेशींना दाखवतात, प्रतिद्रव्यं तयार होतात, आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. यातलं सगळं तेव्हा माहीत नव्हतं. ओळख पटते आणि पुढच्या वेळी कामी येते, एवढं दिसत होतं.

सशांवर प्रयोग झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. नंतर लोकांना जेवढा डोस देणार होते त्याच्या तिप्पटहून जास्त, १० घनसेंटिमीटर. कॉलेजच्या मोजक्या डॉक्टरांनाच हे माहीत होतं. ताप चढला, अंग दुखलं, आणि उतरलं. मग कॉलेजमधले लोक पुढं आले.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिन यांनी कैद्यांना विचारलं, ज्यांनी होकार दिला त्यांनाच टोचलं. एकाच छताखाली, एकच अन्न खाणाऱ्या कैद्यांचे आपोआप दोन गट पडले. टोचलेल्यांपैकी दोघं आजारी पडले आणि दोघंही वाचले. न टोचलेल्यांपैकी १२ आजारी पडले, त्यातले ६ गेले.

इकडं सरकारची पद्धत वेगळीच होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, तोच कायदा जो २०२० मध्ये कोरोनात पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात रँड साहेबानं सोजीर घराघरांत घुसवले. देवघर, स्वयंपाकघर, बायामाणसं, काही बघितलं नाही. सामान रस्त्यावर फेकलं, माणसं उचलून छावणीत नेली. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. हाफकिन यांनी सुई टोचून घेतली त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. लस होती, पण एका खोलीत आणि व्हरांड्यात बनणारी लस पुण्यापर्यंत पोचायला अजून वेळ होता.

हाफकिन यांच्याकडं सोजीर नव्हते, त्यामुळं त्यांना माणसं जोडावी लागली. खोजा समाजाचे प्रमुख, अवघ्या १९ वर्षांचे आगाखान त्यांच्या मदतीला आले. त्यांनी लोकांसमोर लस घेतली, एकदा नाही तर अनेकदा. खुश्रू लॉज नावाची आपली इमारतही लस बनवायला दिली. हजारो खोजांनी टोचून घेतलं.

आकडे येत गेले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ मध्ये साथ आली तेव्हा ८,२३० लोक होते. त्यातल्या २,१९७ जणांनी लस घेतली, त्यातले ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ दगावले. म्हणजे लस न घेतलेल्यांत चौघांमागं एक मेला.

पण सगळ्यात विलक्षण नोंद आहे उंढेरा गावची. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानातलं हे गाव. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथं प्लेग होता. हाफकिन यांनी काय केलं, तर प्रत्येक घरातल्या माणसांचे दोन भाग केले आणि निम्म्यांनाच टोचलं. घर एक, चूल एक, उंदीर तेच. पुढं ज्या २८ घरांत प्लेग शिरला तिथला हिशेब असा. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसूही नये. कुठल्या भावाला टोचायचं आणि कुठल्याला नाही हे त्या घरांमध्ये कसं ठरलं असेल, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. पण लस काम करते की नाही या वादाला त्या २८ घरांइतकं स्पष्ट उत्तर तोवर कुणी दिलं नव्हतं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. राणीनं किताब दिला होताच, पुढं ब्रिटिश नागरिकत्वही मिळालं. लाखो डोस बाहेर पडायला लागले. पंजाबला तर इतकी लस हवी होती की बनवण्याचा वेग वाढवणं भाग होतं. हाफकिन यांनी पद्धत थोडी बदलली. कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं आणि जंतू मारण्यासाठी फक्त उष्णतेवर भरवसा ठेवला. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच पद्धत होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव, आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं १०७ लोकांना लस दिली गेली. पाच बाटल्या वापरल्या. पुढच्या काही दिवसांत १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. या १९ जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. तिचा क्रमांक ५३ एन.

बाकीच्या चार बाटल्या घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स हे चौकशीचे प्रमुख. निष्कर्ष निघाला की बाटली मलकोवालला उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी. बोट कार्बोलिक ॲसिड काढून टाकण्याकडं दाखवलं गेलं. हाफकिन यांना प्रमुखपदावरून जावं लागलं. ते लंडनला गेले आणि तिथून आपली बाजू मांडत राहिले.

आता त्या दिवशी मलकोवालला काय झालं होतं ते बघू. ५३ एन बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून घेतला, आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं. धनुर्वाताचा जंतू मातीतच असतो, आणि एवढ्यानं तो मरत नाही. दुसरं म्हणजे हा जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता तर बूच काढताक्षणी घाण वास आला असता. तिथं असलेल्या डॉक्टरला तसला कुठलाच वास आला नव्हता.

हे सगळं चौकशीच्या कागदांतच होतं. ज्या माणसानं एकेका घरातल्या जिवंत आणि मेलेल्यांचा हिशेब ठेवून आपली लस सिद्ध केली, त्याचा हिशेब करताना समोरचा पुरावा कुणी नीट वाचला नाही. शास्त्राशी संबंध नसलेल्या गोष्टी यात आड आल्या असणार असं म्हणायला भरपूर जागा आहे. डॉक्टर नसलेला परदेशी ज्यू माणूस सरकारी डॉक्टरांच्या डोक्यावर बसला होता, आणि सरकारला उत्तर द्यायला कुणीतरी हवंच होतं. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. त्यामुळं हाफकिन यांच्या बाबतीत जे झालं त्याला लोक छोटं ड्रेफस प्रकरण म्हणायला लागले.

अधिकृत कागद सरकारनं जाहीर केले ते थेट १९०६ च्या शेवटी. तेव्हा एक माणूस खवळून उठला. रोनाल्ड रॉस, मलेरिया डासांतून पसरतो हे सिद्ध करून नोबेल मिळवलेले. रॉस यांनी चिमट्याचा मुद्दा लावून धरला. ही चूक परळची नसून मलकोवालची आहे, आणि निरपराध माणसाला दोषी ठरवलं तर लोकांचा लसीवरचा विश्वासही उडेल, असा त्यांचा रोख होता. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. त्या वर्षाअखेर सरकारला माघार घ्यावी लागली आणि हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात नोकरी देण्यात आली.

पण परळ काही मिळालं नाही. तिथं दुसरे प्रमुख बसले होते. हाफकिन यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा दिली गेली, जिथं लस बनवायची सोय नव्हती. माणसांवर लसीच्या चाचण्या घ्यायची परवानगीही त्यांना मिळाली नाही. कॉलऱ्याची मेलेल्या जंतूंची लस करून बघायची त्यांची इच्छा होती, ती कागदावरच राहिली. १८९७ मध्ये एका व्हरांड्यात जगातली पहिली प्लेगची लस बनवणारा माणूस शेवटची वर्षं लेख लिहीत बसला आणि १९१४ मध्ये निवृत्त होऊन फ्रान्सला गेला.

इकडं लस मात्र थांबली नव्हती. १९२५ पर्यंत मुंबईतून २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. प्लेगनं त्या काळात देशात सव्वा कोटीच्या आसपास माणसं नेली, त्यामुळं लसीनं साथ संपवली असं कुणी म्हणणार नाही. लस घेऊनही काही जण आजारी पडायचे, आणि तिचा परिणाम काही महिन्यांनी ओसरायचा. हाफकिन हे कधी लपवत नव्हते, त्यांच्या तक्त्यांत टोचूनही दगावलेल्यांचा रकाना असायचाच.

निवृत्तीनंतर त्यांचा ओढा धर्माकडं वाढला. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली, त्याच्या जुन्या रीतीभाती पाळण्याच्या बाजूनं त्यांनी १९१६ मध्ये लेख लिहिला. लग्न केलं नव्हतं. पुढं ते स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहायला गेले आणि आपली सगळी शिल्लक पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवून दिली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव द्यायचं ठरलं. तिथून काढल्याला वीस वर्षं उलटून गेली होती. हाफकिन यांनी आभाराचं पत्र पाठवलं आणि मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची सगळ्यात चांगली वर्षं गेली असं त्यात कळवलं. बाटलीचा उल्लेख केला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानमध्ये ते गेले, तेव्हा ७० वर्षांचे होते. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.